इंग्रजी 'रन' : अर्थ, पर्याय आणि पेच – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'रन' हा इंग्रजी शब्द शिकताना, शिकवताना किंवा त्याचा अनुवाद करताना जे प्रश्न वाचक पुन्हापुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, पुढचे अधिकाधिक अडचणीचे. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल; एखादा मुद्दा अन्यत्र सविस्तर आला असेल, तर त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'रन' म्हणजे धावणे, हे शाळेतच शिकलो. यात विचारण्यासारखे आणखी काय आहे?

'धावणे' हा या शब्दाचा आजही पहिला अर्थ आहे आणि तो अगदी काटेकोरपणे सांगता येतो. चालताना एक तरी पाय जमिनीला टेकलेला असतो. धावताना मात्र प्रत्येक टप्प्यात क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात. चालण्याच्या शर्यतीत पंच नेमके हेच पाहतात आणि स्पर्धकाचे दोन्ही पाय उचलले गेलेले डोळ्यांना दिसले, तर त्याच्यावर कारवाई करतात. अडचण अशी, की रोजच्या इंग्रजी मजकुरात हे क्रियापद जेथे जेथे भेटते, त्यांपैकी अनेक ठिकाणी पाय असलेले कोणी नसतेच. तेथे नळ 'रन' होतो, करार 'रन' होतो, कुंपण 'रन' होते, कपड्याचा रंग 'रन' होतो. अशा वाक्यांत 'धावणे' बसवले, की मराठी वाक्य हास्यास्पद तरी होते किंवा चुकीचे तरी.

२. या एका शब्दाचे ६४५ अर्थ आहेत, असे ऐकले. हे खरे आहे का?

आकडा खरा आहे, पण तो कोणत्या कोशातला आणि कशाचा, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. 'ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी'च्या १९८९ च्या २० खंडी दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या क्रियापदाची होती आणि तिच्यात सुमारे ४३० अर्थ दिले होते. तिसऱ्या आवृत्तीसाठी जुन्या नोंदी नव्याने तपासल्या जाऊ लागल्या, तेव्हा आधी 'मेक'ने आणि नंतर 'पुट'ने 'सेट'ला मागे टाकले. २०११ मध्ये 'रन'ची सुधारित नोंद आली आणि केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ मोजले गेले. हे काम पीटर गिलिव्हर या कोशकाराने केले आणि त्याला सुमारे ९ महिने लागले.

हा कोश ऐतिहासिक आहे, त्यामुळे आज कोणीही वापरत नसलेले जुने अर्थसुद्धा तो जपून ठेवतो. शिवाय अर्थ किती बारीक चिरायचे, हे शेवटी कोशकार ठरवतो. विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या कोशांत याच शब्दाचे अर्थ कितीतरी कमी दिसतात. तेथे जवळजवळचे अर्थ एकाच क्रमांकाखाली घेतलेले असतात. म्हणून ६४५ या आकड्याने घाबरून जाण्याचे कारण नाही.

३. एकाच शब्दाला इतके अर्थ कसे काय चिकटले?

याची तीन कारणे सांगता येतात. पहिले कारण व्युत्पत्तीचे. प्राचीन इंग्रजीत 'धावणे' आणि 'वाहणे' असे दोन्ही अर्थ असलेले एक अकर्मक क्रियापद होते आणि त्याच्या जोडीला 'धावायला लावणे' या अर्थाचे दुसरे, प्रयोजक क्रियापद होते. जुन्या नॉर्स भाषेतील सजातीय शब्दांचाही या घडणीवर परिणाम झाला. पुढे हे सारे एकाच रूपात मिसळून गेले. जर्मन भाषेत आजही 'रेनेन' म्हणजे धावणे आणि 'रिनेन' म्हणजे ओघळणे, असे दोन वेगळे शब्द नांदतात. इंग्रजीत मात्र त्या दोघांचे काम एकट्या 'रन'ला करावे लागते. त्यामुळे 'पाणी वाहणे' हा अर्थ नंतर कोणी कल्पनेने जोडलेला नसून तो पहिल्यापासूनच शब्दात आहे.

दुसरे कारण व्याकरणाचे. मराठीत 'चालणे'चे 'चालवणे' करावे लागते, 'पळणे'चे 'पळवणे' करावे लागते. इंग्रजीत तसा प्रत्यय लागत नाही. 'यंत्र रन होते' आणि 'मी यंत्र रन करतो' ही दोन्ही वाक्ये एकाच रूपावर भागतात. तेच रूप कोणताही बदल न करता नाम म्हणूनही उभे राहते. एवढी मोकळीक असलेला शब्द पसरणारच.

तिसरे कारण काळाचे. यंत्रे आली, आगगाड्या आल्या, नंतर संगणक आले आणि प्रत्येक नव्या वस्तूच्या 'चालू असण्या'ला इंग्रजीने हाच तयार शब्द दिला.

४. मराठीत असा बहुअर्थी शब्द आहे का?

आहे, आणि तो आपण दिवसभर वापरतो: 'लागणे'. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, झोप लागते, दार लागते, निकाल लागतो, वेळ लागतो, वेड लागते आणि एखाद्याचे बोलणेही मनाला लागते. यांतील प्रत्येक 'लागणे' वेगळे आहे, तरी मराठी भाषकाला कधी अडखळल्यासारखे होत नाही, कारण शेजारचा शब्द अर्थ ठरवून टाकतो. इंग्रजी भाषकाचे 'रन'शी असेच नाते असते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाने 'लागणे'चा एकच अर्थ सांगा, असा आग्रह धरला तर आपण जे उत्तर देऊ, तेच उत्तर आपल्यालाही लागू होते.

५. मग हे सगळे अर्थ पाठ करावे लागतील का?

अजिबात नाही. वाक्यात 'रन'चा कर्ता कोण आणि कर्म काय, या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. बहुतेक वेळा अर्थ तेवढ्याने सुटतो.

कर्ता सजीव असेल आणि कर्म नसेल, तर धावणे किंवा पळून जाणे. कर्ता द्रव असेल किंवा ज्यातून द्रव येतो अशी वस्तू असेल, तर वाहणे: नदी वाहते, नाक वाहते, नळ चालू असतो, डोळ्यांतले काजळ ओघळते, धुताना कपड्याचा रंग जातो. कर्ता यंत्र असेल, तर ते चालू आहे. कर्ता रस्ता, भिंत, कुंपण, डोंगररांग, जखमेचा व्रण अशी लांबट आणि मुळीच न हलणारी वस्तू असेल, तर 'रन' तिची दिशा व पसारा सांगतो. येथे मराठीत 'जाणे' हे क्रियापद शोभते: रस्ता उत्तरेकडे जातो, कुंपण नदीकाठाने जाते.

कर्ता कालावधी असलेली गोष्ट असेल, म्हणजे नाटक, करार, मुदत, शिक्षा, तर 'रन' ती किती काळ आहे हे सांगतो. न्यायालयाच्या बातम्यांत दोन शिक्षा 'कन्करंटली' रन होणार असे असेल, तर त्या एकाच वेळी भोगायच्या आहेत आणि 'कन्सेक्युटिव्हली' असेल, तर एकीनंतर दुसरी. येथे कैद्याच्या आयुष्याची कित्येक वर्षे 'रन'च्या शेजारच्या एका क्रियाविशेषणावर अवलंबून असतात, म्हणून अनुवादकाने घाई करू नये.

कर्म असेल, तर कर्माकडे पाहावे. कंपनी, शाळा किंवा घर 'रन' करणे म्हणजे ते चालवणे. 'रन अ बाथ' म्हणजे आंघोळीसाठी टबात पाणी सोडणे, 'रन अ टेम्परेचर' म्हणजे अंगात ताप असणे, 'रन अ रिस्क' म्हणजे धोका पत्करणे, 'रन अ रेड लाइट' म्हणजे लाल दिवा असताना वाहन न थांबवता पुढे काढणे, 'रन अ स्टोरी' म्हणजे बातमी छापणे, 'रन अ टेस्ट' म्हणजे चाचणी घेणे आणि 'रन ॲन एरंड' म्हणजे कोणाचे तरी बाहेरचे किरकोळ काम करून येणे. यांतील एकाही मराठी वाक्यात 'धाव' हा धातू आलेला नाही, हे लक्षात घ्यावे.

६. अनुवाद करताना 'चालणे' वापरायचे की 'धावणे'?

जेथे इंग्रजी धावते, तेथे मराठी बहुधा चालते. घड्याळ, पंखा, दुकान, खटला, नाटक, कार्यक्रम ही सारी इंग्रजीत 'रन' होतात आणि मराठीत चालतात. 'घड्याळ धावते आहे' असे लिहिले, तर वाचकाला ते पुढे पळत असल्याचा भास होईल.

वाहनांच्या बाबतीत मात्र दोन्ही क्रियापदे आहेत आणि त्यांत सूक्ष्म भेद आहे. 'या मार्गावर गाड्या धावतात' हे वेळापत्रकातल्या सेवेचे वर्णन झाले. 'गाडी नीट चालत नाही' ही यंत्राबद्दलची तक्रार झाली. इंग्रजीत दोन्हीकडे 'रन' बसतो, म्हणून संदर्भ पाहून निवड करावी. नदी आणि नाक यांना 'वाहणे', तर रस्ता आणि भिंत यांना 'जाणे', हे प्रश्न ५ मध्ये आलेच आहे.

७. म्हणजे जेथे मराठीत 'चालवणे' येते, तेथे इंग्रजीत डोळे मिटून 'रन' लिहावे का?

हीच सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. संस्था, घर, यंत्र, वर्ग, मोहीम यांना 'रन' चालतो, वाहनाला नाही. मोटार स्वतः चालवणे म्हणजे 'ड्राइव्ह', सायकल चालवणे म्हणजे 'राइड'. 'रन अ कार' असा प्रयोग ब्रिटिश इंग्रजीत आहे, पण त्याचा अर्थ मोटार बाळगणे आणि तिचा इंधन-दुरुस्तीचा खर्च सोसणे असा होतो. 'मला मोटार चालवता येते' हे सांगण्यासाठी 'आय कॅन रन अ कार' असे म्हटले, तर ऐकणारा समजेल की तुमची ऐपत आहे.

बंदुकीच्या बाबतीत घोटाळा याहून गंभीर आहे. बंदूक चालवणे म्हणजे 'फायर' किंवा 'शूट'. 'रन गन्स' म्हणजे शस्त्रांची तस्करी करणे, आणि 'गनरनर' म्हणजे शस्त्रांचा तस्कर. मराठीतल्या 'चालवणे'वरून शब्दाला शब्द ठेवणाऱ्याने येथे एखाद्या नेमबाजाला थेट गुन्हेगार करून टाकलेले असते.

८. भूतकाळ 'रॅन' की 'रन'?

साधा भूतकाळ 'रॅन', आणि 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांच्यानंतर येणारे रूप पुन्हा 'रन'. म्हणून 'ही रॅन' बरोबर, 'ही हॅज रन' बरोबर आणि 'ही हॅज रॅन' चूक. कर्मणी प्रयोगातही 'रन'च येतो, उदाहरणार्थ 'द स्कूल इज रन बाय अ ट्रस्ट', म्हणजे शाळा एका विश्वस्त संस्थेकडून चालवली जाते. 'रनिंग' लिहिताना 'एन' हे अक्षर दोनदा येते.

९. 'धावणे' याच अर्थाचे इतर इंग्रजी शब्द कोणते, आणि त्यांत फरक काय?

येथे इंग्रजी श्रीमंत आहे. 'जॉग' म्हणजे व्यायामासाठी संथ, एका लयीत धावणे. 'स्प्रिंट' म्हणजे थोड्या अंतरात सारी शक्ती लावून धावणे. १००, २०० आणि ४०० मीटरच्या शर्यती या गटात येतात, तर ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनला कोणी 'स्प्रिंट' म्हणणार नाही. 'डॅश' म्हणजे घाईघाईने कोठेतरी पोहोचण्यासाठी मारलेली धाव. 'बोल्ट' म्हणजे बिथरून एकाएकी उधळणे, आणि तो घोड्याला विशेष शोभतो. 'ट्रॉट' आणि 'गॅलप' या घोड्याच्याच चाली, अनुक्रमे दुडकी आणि भरधाव. 'स्कॅम्पर' लहान मुले आणि छोट्या प्राण्यांसाठी. 'फ्ली' म्हणजे संकटापासून पळ काढणे. या शब्दात वेगापेक्षा भीती अधिक आहे.

मराठीत हे भेद वेगळ्या पद्धतीने दाखवले जातात. आपण क्रियापद बदलण्यापेक्षा त्याच्या आधी एक नादमय शब्द ठेवतो: उंदीर तुरुतुरु पळतो, लहान मूल दुडूदुडू धावते, गाडी सुसाट धावते. घोडा चौखूर उधळतो. पळून जाण्यासाठी तर वाक्प्रचारांची रेलचेल आहे: धूम ठोकणे, पोबारा करणे, सूंबाल्या करणे, पायाला पाय लावून पळणे. म्हणून 'स्कॅम्पर'साठी एकच मराठी क्रियापद शोधत बसण्यापेक्षा 'तुरुतुरु पळणे' असे दोन शब्द लिहावेत; तो अनुवाद उणा ठरत नाही.

१०. 'रन', 'मॅनेज' आणि 'ऑपरेट' यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा?

संस्था चालवण्याच्या अर्थी तिन्ही शब्द दिसतात, पण त्यांची वजने वेगळी आहेत. 'रन' बोलीतला आणि सर्वसमावेशक आहे. जो कंपनी 'रन' करतो, त्याच्या हातात सूत्रे आहेत असे ध्वनित होते. 'मॅनेज' म्हणजे व्यवस्था पाहणे; तेथे मालक दुसरा कोणी असू शकतो. शिवाय 'मॅनेज'ला 'कसेबसे जमवणे' असाही अर्थ आहे, जो 'रन'ला नाही. 'ऑपरेट' तांत्रिक आणि औपचारिक आहे. यंत्र, विमानसेवा, खाण यांना तो शोभतो. घर कोणी 'ऑपरेट' करत नाही. अर्जात किंवा अहवालात 'रन' फार साधा वाटतो, अशी शंका काहींना येते. ती निराधार आहे. छोटा शब्द वापरल्याने लेखन हलके होत नाही.

११. थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, 'रन'खाली दिलेले शब्द एकमेकांच्या जागी वापरता येतात का?

येत नाहीत. पीटर मार्क रॉजे या डॉक्टरांचा प्रसिद्ध थिसॉरस १८५२ मध्ये निघाला, तोच मुळी कल्पनांच्या गटांनुसार रचलेला होता. ज्याला अर्थ ठाऊक आहे पण नेमका शब्द आठवत नाही, त्याच्यासाठी ही सोय आहे. अर्थ माहीत नसलेला शब्द तेथून उचलून वाक्यात बसवणे धोक्याचे असते. 'फ्लो', 'मॅनेज', 'फ्ली', 'लास्ट' आणि 'स्प्रिंट' हे पाचही 'रन'चे पर्याय आहेत, परंतु त्यांतले कोणतेही दोन एकमेकांचे पर्याय नाहीत. आधी प्रश्न ५ मध्ये सांगितल्याप्रमाणे अर्थ ठरवावा, मगच यादी उघडावी.

१२. 'रन इंटू', 'रन ओव्हर', 'रन आउट' अशा जोड्या कशा ओळखायच्या?

या जोड्यांचा अर्थ दोन शब्दांच्या बेरजेतून निघेलच असे नाही, म्हणून त्या स्वतंत्र शब्दांसारख्या शिकाव्या लागतात. सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या जोड्या येथे घेतल्या आहेत.

'रन इंटू' म्हणजे आदळणे. तसेच कोणीतरी अनपेक्षितपणे भेटणे. तसेच अडचणीत सापडणे. रकमेच्या संदर्भात 'घरात जाणे' असा अर्थ होतो: खर्च लाखांच्या घरात गेला. 'रन अक्रॉस' हा अचानक भेटण्याचा किंवा सापडण्याचा अर्थ देतो. त्यात आदळणे नाही. 'रन ओव्हर' म्हणजे वाहनाखाली चिरडणे, पण सभा 'रन ओव्हर' झाली, तर ती ठरलेल्या वेळेपेक्षा लांबली. 'रन डाउन' तर चार दिशांना जातो: वाहनाने धडक देऊन पाडणे, एखाद्याची निंदा करणे, कसून शोध घेऊन पकडणे आणि बॅटरी उतरणे. 'रन अप' म्हणजे उधारी वाढवत नेणे. झेंडा चढवणे आणि घाईने कपडा शिवून काढणे हेही त्याचेच अर्थ. 'रन थ्रू' म्हणजे तालीम घेणे किंवा भरभर नजर फिरवणे. 'रन इट बाय मी' याचा अर्थ 'ते एकदा माझ्या कानावर घाल' असा आहे. त्यात कोठेही पळायचे नाही.

'रन आउट' येथे थोडे थांबावे लागते. साठा संपणे, मुदत संपणे आणि क्रिकेटमध्ये धावचीत होणे असे त्याचे तीन मुख्य अर्थ आहेत. पहिल्या अर्थात दोन रचना होतात. 'द मिल्क रॅन आउट' यात कर्ता दूध आहे आणि ही रचना मराठीच्या 'दूध संपले'शी जुळते. 'वुई रॅन आउट ऑफ मिल्क' यात कर्ता आपण आहोत, आणि मराठीत तशी रचनाच नाही. 'आमच्याकडचे दूध संपले' असेच म्हणावे लागते. 'वुई रॅन आउट मिल्क' ही 'ऑफ' गाळलेली चूक याच फरकातून येते.

कर्माच्या जागेचाही एक नियम आहे. 'रन ओव्हर' आणि 'रन डाउन' यांच्या मध्ये कर्म येऊ शकते, जसे 'रॅन हिम ओव्हर'. 'रन इंटू' आणि 'रन अक्रॉस' मात्र फोडता येत नाहीत. 'रॅन हिम इंटू' असे भेटण्याच्या अर्थी कधीच होत नाही.

१३. 'रन ड्राय', 'रन शॉर्ट', 'रन वाइल्ड' यांत 'रन'च्या पुढे विशेषण कसे काय येते?

या प्रयोगांत 'रन'चा अर्थ जवळजवळ 'होणे' इतकाच उरतो. विहीर आटते, पुरवठा कमी पडतो, मुले मोकाट सुटतात, भावना तीव्र होतात, उशीर होतो. अशा ठिकाणी मराठीत विशेषणच क्रियापद होऊन येते आणि 'रन' पूर्णपणे गळून पडतो. नवी विशेषणे मनाने लावू नयेत. 'रन हॅपी' असे इंग्रजीत होत नाही. ठरलेल्या जोड्या थोड्याच आहेत.

१४. नाम म्हणून 'रन'चे अर्थ कोणते?

क्रिकेटमधली धाव सर्वांना माहीत आहे, आणि मराठीने या अर्थाभोवती एक सुंदर कुटुंबच उभे केले आहे: धावसंख्या, धावगती, धावफलक, धावचीत, चोरटी धाव, अवांतर धावा. गंमत म्हणजे चौकार किंवा षटकार मारल्यावर फलंदाजाला धावावे लागत नाही, तरी मिळतात त्या धावाच. बेसबॉलमध्ये मात्र खेळाडूने सर्व तळांना क्रमाने स्पर्श करून मूळ तळावर परतल्यावरच एक 'रन' होतो.

अर्थव्यवहारातला 'बँक रन' म्हणजे बँक बुडेल या भीतीने ठेवीदारांनी एकाच वेळी पैसे काढण्यासाठी केलेली झुंबड. सप्टेंबर २००७ मध्ये ब्रिटनच्या नॉर्दर्न रॉक या बँकेच्या शाखांबाहेर अशा रांगा लागल्या होत्या. ९ मार्च २०२३ रोजी अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेतून ग्राहकांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढण्याचा प्रयत्न केला, आणि त्यातला मोठा भाग लोकांनी जागेवर बसून, पडद्यावर बोट ठेवून केला. त्यासाठी ना धावावे लागले, ना रांग लावावी लागली. शब्द मात्र तोच राहिला.

इतर अर्थ थोडक्यात असे: 'ट्रायल रन' आणि 'ड्राय रन' म्हणजे प्रत्यक्ष कामापूर्वीची सराव फेरी, 'प्रिंट रन' म्हणजे एका वेळी छापलेल्या प्रती, 'इन द लाँग रन' म्हणजे दीर्घकाळाचा विचार करता, 'ऑन द रन' म्हणजे फरार, 'रन ऑफ द मिल' म्हणजे चारचौघांसारखा, 'चिकन रन' म्हणजे कोंबड्यांना फिरण्यासाठी जाळी लावून राखलेली जागा. आणि एक सावधगिरीची सूचना: 'द रन्स' याचा बोलीतला एक अर्थ जुलाब असा आहे. 'ही हॅज द रन्स' असे एखाद्या फलंदाजाच्या कौतुकासाठी लिहू नये.

१५. 'रनिंग' हा शब्द नेहमी धावण्याशीच संबंधित असतो का?

नाही. 'रनिंग वॉटर' म्हणजे वाहते पाणी किंवा नळाचे पाणी, 'रनिंग कॉमेंटरी' म्हणजे धावते समालोचन, 'रनिंग कॉस्ट' म्हणजे चालू खर्च. 'थ्री डेज रनिंग' म्हणजे सलग तीन दिवस. येथे 'रनिंग' संख्येनंतर येतो आणि नवशिके त्याला हमखास चुकतात. सुतारकाम आणि बांधकाम यांत वापरला जाणारा 'रनिंग फूट' हे केवळ लांबीचे माप आहे. त्यात रुंदी धरलेली नसते, म्हणून चौरस फुटाच्या दराशी त्याची थेट तुलना करू नये.

१६. 'रन डाउन' एकत्र लिहायचे, तोडून की मध्ये छोटी रेघ देऊन?

क्रियापद असेल तर दोन शब्द तोडून. नाम असेल, म्हणजे एखाद्या विषयाचा मुद्देसूद गोषवारा, तर बहुधा एकत्र. विशेषण असेल, म्हणजे मोडकळीला आलेली इमारत किंवा थकूनभागून गेलेला माणूस, तर मध्ये छोटी रेघ. 'रनर-अप'चे अनेकवचन करताना 'एस' पहिल्या भागाला लागतो: 'रनर्स-अप'. 'रनवे' आणि 'रनअवे' यांच्या स्पेलिंगमध्ये एकाच अक्षराचा फरक आहे. पहिली विमानाची धावपट्टी आणि दुसरा घरातून पळून गेलेला.

१७. निवडणूक 'रन' करतात की 'स्टँड' करतात?

अमेरिकेत उमेदवार निवडणुकीला 'रन' होतो, ब्रिटनमध्ये तोच 'स्टँड' होतो, आणि मराठीत तो 'उभा राहतो', म्हणजे या बाबतीत आपण ब्रिटिशांच्या बाजूला आहोत. दोन्ही क्रियापदांनंतर 'फॉर' येतो. भारतीय इंग्रजीत 'कंटेस्ट' अधिक रुळलेला आहे आणि त्याला 'फॉर' लागत नाही. 'फॉर' नसताना 'रन ॲन इलेक्शन' म्हणजे निवडणूक घेणे, तिची यंत्रणा राबवणे. तो उमेदवार नसून अधिकारी आहे. पायमोज्याची वीण उसवून पडलेल्या उभ्या रेषेलाही अमेरिकेत 'रन' म्हणतात, ब्रिटनमध्ये 'लॅडर'.

१८. 'रन'चा विरुद्धार्थी शब्द कोणता?

एक शब्द सांगता येणार नाही; विरुद्धार्थ शब्दाला नसतो, त्याच्या एकेका अर्थाला असतो. पायांनी धावण्याच्या विरुद्ध 'वॉक', यंत्र चालू असण्याच्या विरुद्ध 'स्टॉप', पळून जाण्याच्या विरुद्ध 'स्टे', रस्ता उत्तरेकडे जाण्याच्या विरुद्ध काहीच नाही. परीक्षेत संदर्भाशिवाय हा प्रश्न विचारला जात असेल, तर दोष विद्यार्थ्याचा नाही.

१९. 'बँक' या शब्दालाही दोन अर्थ आहेत. तो प्रकार हाच का?

तो प्रकार वेगळा आहे. नदीचा काठ आणि पैशांची पेढी हे अर्थ इंग्रजीत वेगवेगळ्या वाटांनी आले आणि त्यांचे उच्चार व स्पेलिंग जुळले, म्हणून कोशात त्यांना स्वतंत्र नोंदी मिळतात. मराठीत दिव्याची वात आणि शरीरातला वात असेच आहेत: पहिली संस्कृत 'वर्ति'वरून आली, दुसरा संस्कृत 'वात'च. 'रन'चे शेकडो अर्थ मात्र एकाच मुळातून फुटलेले आहेत, जसे प्रश्न ४ मधील 'लागणे'चे. व्यवहारात ओळखण्याची खूण अशी, की कोशात एकाच शब्दापुढे वेगळे अंक टाकून स्वतंत्र नोंदी असतील, तर ते बहुधा दोन शब्द आहेत. एकाच नोंदीत पोटअर्थ असतील, तर तो एक शब्द आहे.

२०. कर्ता आणि कर्म दोन्ही पाहिले, तरी दोन अर्थ शक्य राहिले तर काय करावे?

असे क्वचित होते, पण होते. 'शी रॅन द मॅरेथॉन' या वाक्यात ती स्पर्धक म्हणून धावली, की तिने स्पर्धेचे आयोजन केले? व्याकरणाला दोन्ही मान्य आहेत. अशा वेळी पुढची-मागची वाक्ये तपासावीत. वेळ, अंतर, क्रमांक, पायातले बूट यांचा उल्लेख असेल, तर ती धावली. प्रायोजक, नोंदणी, स्वयंसेवक, पाण्याचे टेबल यांचा उल्लेख असेल, तर तिने आयोजन केले. काहीच उल्लेख नसेल, तर धावण्याचा अर्थ अधिक संभवतो. 'रॅन'ऐवजी 'रन्स' किंवा 'हॅज रन फॉर इयर्स' असे असेल, तर मात्र तोल आयोजनाकडे झुकतो, कारण एखादी स्पर्धा वर्षानुवर्षे सांभाळणे हे आयोजकाचे काम असते. तरीही दरवर्षी त्याच स्पर्धेत भाग घेणारे धावपटू असतातच, तेव्हा मूळ लेखकाला विचारता येत असेल तर विचारावे. विचारणे शक्य नसेल, तर मराठीत 'मॅरेथॉनची धुरा सांभाळली' असे ठाम विधान करण्यापेक्षा 'मॅरेथॉन पार पाडली' असे लिहावे. त्यात धावणारी आणि धाववणारी, दोघीही मावतात.